पोटाला पडलेली खिडकी: अलेक्सिस सेंट मार्टिनची गोष्ट

  

रिलीजच्या आठवड्यात आमच्या टीममध्ये दोन गोष्टी हमखास संपतात. कॉफी आणि ड्रॉवरमधल्या ॲसिडिटीच्या गोळ्या. परवा अशीच एक गोळी चघळताना डोक्यात आलं, की पोटात नक्की काय चालतं हे माणसाला कळलं कसं? आत डोकावून पाहिलं कोणी? शोधायला गेलो तर ज्याचं पोट होतं, तो माणूसच सापडला.

६ जून १८२२. अमेरिका-कॅनडा सीमेजवळचं मॅकिनॉ बेट. तिथल्या फर कंपनीच्या दुकानात चुकून बंदूक सुटली आणि शेजारी उभ्या अलेक्सिस सेंट मार्टिनच्या डाव्या कुशीत छर्रे घुसले. विशीच्या आसपासचा पोरगा, कॅनडाचा फ्रेंच बोलणारा, होडीतून माल वाहणारा कामगार. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट धावत आले. पोरगा वाचेल असं त्यांना वाटत नव्हतं. पण तो वाचला. जखम भरली, फक्त जठराला पडलेलं भोक बुजलंच नाही. बाहेरून बोट घातलं की थेट जठरात! सरकारी मदत थांबली तेव्हा बोमाँटनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. हे मान्य करायलाच हवं.

मग १ ऑगस्ट १८२५ ला प्रयोग सुरू झाले. मांस, पाव, कच्चा कोबी असे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडायचे आणि तासातासाने ओढून बघायचे. त्या काळी पचन म्हणजे नेमकं काय, यावर वाद होता. कुणी म्हणे अन्न आत दळलं जातं, कुणी म्हणे सडतं, कुणी म्हणे रसात विरघळतं.

बोमाँटनी रिकाम्या जठराच्या अस्तराला चक्क जीभ लावून पाहिली. आंबट लागलं नाही! अन्न आत गेल्यावर मात्र रस पाझरायला लागला. म्हणजे ॲसिड टाकीत भरून ठेवलेलं नसतं, मागणी आली की तयार होतं.

आता माझा आवडता प्रयोग. जठरातला रस बाटलीत काढला, शरीराइतकं गरम ठेवलं आणि त्यात उकडलेल्या मांसाचा तुकडा टाकला. तसाच दुसरा तुकडा दोऱ्याला बांधून अलेक्सिसच्या पोटात. बाटलीतला तुकडा विरघळायला सुमारे दहा तास लागले. पोटातला दोन तासांत गायब! रस तोच, उष्णता तीच, मग फरक कशाचा? बाटलीत ताजा रस येत नव्हता आणि घुसळणही नव्हती. बोमाँटनी थर्मामीटर आत घातला तेव्हा जठराने तो पकडून पिळवटत खाली ओढलेला त्यांना जाणवला.

आज आपल्याला माहीत आहे की जठरात मिनिटाला साधारण तीन लाटा उठतात. अन्न शेवटच्या झडपेकडे ढकललं जातं, थोडंसं पातळ झालेलं पुढे सुटतं, बाकीचं परत मागे. ॲसिड फार वाढलं की रस पाझरवणारा हॉर्मोन आपोआप कमी होतो. लहान आतड्यात ॲसिड पोचलं की तिथून उलटा निरोप येतो, ‘जरा हळू!’ आम्ही ज्याला फीडबॅक लूप म्हणतो, तो शरीरात आधीपासून चालूच आहे.

बोमाँटनी आणखी एक नोंद केली. अलेक्सिस चिडला की त्याचं पचन बिघडतं. वाचून मी थांबलो. अहो, पण तो चिडत का होता?

उपाशी ठेवायचं, तासन्‌तास पडून राहायला लावायचं, पोटातून नळीने रस काढायचा. वर घरातली कामंही त्यालाच. १८२५ मध्ये तो न सांगता कॅनडाला निघून गेला. तिथे लग्न केलं, मुलं झाली. पैशांच्या गरजेपायी चार वर्षांनी परत आला. १८३२ मध्ये रीतसर करार झाला. राहणं-खाणं आणि वर्षाला १५० डॉलर, बदल्यात जठर प्रयोगासाठी हजर. सहीच्या जागी फुली, कारण लिहिता येत नव्हतं. आपण न वाचता ‘आय ॲग्री’ दाबतो, पण आपल्याला निदान वाचता तरी येतं.

१८३३ मध्ये बोमाँटचं पुस्तक आलं, नाव झालं. पुढच्याच वर्षी अलेक्सिस कॅनडाला गेला तो परत आलाच नाही. डॉक्टर पत्रं पाठवत राहिले.

१८८० मध्ये अलेक्सिस गेला, बोमाँटच्या नंतर सत्तावीस वर्षांनी. डॉक्टर मंडळींना त्याचं जठर म्युझियमसाठी हवं होतं. घरच्यांनी काय करावं? ऐन उन्हाळ्यात प्रेत काही दिवस घरीच ठेवलं, कुणाच्या उपयोगाचं राहू नये म्हणून. मग आठ फूट खोल पुरलं.

जिवंतपणी जे त्याला जमलं नाही, ते घरच्यांनी करून दाखवलं. नाही म्हटलं.

आजचा भाग इथेच थांबवूया. तुम्हाला काय वाटतं, बोमाँट उपकारकर्ता की मालक? व्हॉइस नोट नक्की पाठवा. आणि हो, जेवताना चिडू नका. हे कळावं म्हणून एका माणसाला बरंच चिडावं लागलंय.