वासोटा पदभ्रमण

वासोटा पदभ्रमण म्हणजे सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातील वासोटा ऊर्फ व्याघ्रगड या वनदुर्गाचे होडीने व पायी केले जाणारे पदभ्रमण होय. हा किल्ला खऱ्या अर्थाने बेट नाही. तथापि त्याच्या पूर्वेस कोयना धरणाचा शिवसागर जलाशय, पश्चिमेस कोकणात कोसळणारे सह्याद्रीचे कडे आणि उत्तर-दक्षिणेस घनदाट अरण्य असल्याने देशावरून तेथे जाण्याचा रूढ मार्ग पाण्यावरूनच आहे. किल्ला कोयना वन्यजीव अभयारण्यात येतो. तेथे जाण्यास वन विभागाची परवानगी लागते. गडावर किंवा अरण्यात रात्री मुक्काम करता येत नाही. त्यामुळे मुक्काम जलाशयाच्या पूर्व तीरावर आणि पदभ्रमण दिवसा, अशी या प्रवासाची आजची रीत आहे.

नाव

वसिष्ठ ऋषींच्या नावावरून ‘वासोटा’ हे नाव आले, अशी लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. ‘व्याघ्रगड’ हे नाव शिवकाळात मिळाले, असे मानतात. पायथ्याच्या ‘मेट इंदवली’ या स्थळाच्या नावातील ‘मेट’ हा शब्द दुर्गव्यवस्थेतील आहे. गडाच्या वाटेवर पहारा ठेवण्यासाठी वसवलेल्या चौकीवजा वस्तीस मेट म्हणत. येथे गाव आता नांदते नाही. नाव तेवढे उरले आहे.

भौगोलिक स्थान

कोयना नदी महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर दक्षिणेस वाहते. हेळवाकजवळ ती पूर्वेस वळते व कऱ्हाड येथे कृष्णेस मिळते. तिच्या या दक्षिणोत्तर खोऱ्यातच शिवसागर जलाशय पसरला आहे. त्याची लांबी सुमारे ५० कि.मी. आहे. वासोटा या जलाशयाच्या पश्चिम तीरावरील डोंगररांगेत, सह्याद्रीच्या अगदी धारेवर उभा आहे.

किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,१७० मी. आहे. जलाशयाची पूर्ण पातळी सुमारे ६५९ मी. असल्याने होडीतून उतरल्यावर प्रत्यक्ष चढाई सुमारे ५०० मी. भरते. पावसाळा संपताना जलाशय भरलेला असतो, तेव्हा होडी अरण्याच्या कडेपर्यंत जाते. उन्हाळ्याकडे पाणी ओसरत जाते, तीर उघडा पडतो आणि गाळातून व दगडगोट्यांतून चालण्याचे अंतर वाढते.

इतिहास

किल्ल्याची उभारणी कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील दुसऱ्या भोजाकडे जोडली जाते. पुढे हा प्रदेश जावळीच्या मोऱ्यांच्या अमलाखाली होता. १६५६ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. त्यानंतर वासोटाही स्वराज्यात आला. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी आदिलशाही सैन्यास मदत केली. त्याची शिक्षा म्हणून १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची वखार लुटली व इंग्रजांना कैद केले. या कैद्यांपैकी काही वासोट्यावर होते, असे सांगितले जाते. वस्तीपासून दूर आणि दाट रानात असल्याने कैदेसाठी हे स्थळ सोयीचे होते.

पेशवाईच्या उत्तरकाळात परशुराम श्रीनिवास प्रतिनिधी आणि दुसरा बाजीराव यांच्यात वितुष्ट आले. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांनी प्रतिनिधींचा पाडाव केल्यावर त्यांच्या पक्षातील ताई तेलीण या स्त्रीने वासोट्याचा आश्रय घेतला आणि किल्ला सुमारे आठ महिने झुंजवला. गडावरील धान्याचे कोठार आगीत नष्ट झाल्यावर तिला किल्ला सोडावा लागला.

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या काळात बाजीरावाने साताऱ्याच्या छत्रपतींच्या कुटुंबीयांना वासोट्यावर ठेवले होते. हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारीही तेथे कैदेत होते. एप्रिल १८१८ मध्ये जनरल प्रिट्झलरच्या फौजेने किल्ला जिंकून घेतला. शेजारच्या जुन्या वासोट्याच्या उंचीवरून झालेला तोफांचा मारा निर्णायक ठरला. वासोट्याचे संरक्षण कड्यांनी व रानाने होत असे. समोरचे उंच शिखर शत्रूच्या हाती जाताच ते संपले.

जलाशय व विस्थापन

कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या धरणाचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले आणि १९६० च्या दशकाच्या प्रारंभी खोऱ्यात पाणी साठू लागले. या जलाशयाची साठवण क्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट असून ते राज्यातील अत्यंत महत्त्वाचे वीजनिर्मितीचे साधन आहे. मात्र त्यासाठी कोयना खोऱ्यातील अनेक गावे, भातखाचरे, देवळे व जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. विस्थापित कुटुंबांपैकी अनेकांचे पुनर्वसन सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे आदी दूरच्या जिल्ह्यांत झाले. त्यांच्या जमिनीचे व हक्कांचे प्रश्न पुढे अनेक दशके चालू राहिले.

पुढे अभयारण्य व व्याघ्र प्रकल्प झाल्यावर पश्चिम तीरावरील उरलेल्या काही वस्त्यांनाही स्थलांतर करावे लागले. पदभ्रमण करणाऱ्यास आज येथे जो एकांत आढळतो तो केवळ निसर्गाने दिलेला नाही. धरणापूर्वी या खोऱ्यात पायवाटा, बाजाराचे दिवस आणि घाटमार्गाने कोकणाशी चालणारा व्यवहार होता. बामणोली, शेंबडी, तापोळा या काठावरील गावांतील अनेक होडीचालक व मुक्कामाची सोय करणारी कुटुंबे याच खोऱ्यातील मूळ रहिवाशांची आहेत.

अभयारण्य व नियम

कोयना वन्यजीव अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ४२३ चौ. कि.मी. आहे. २०१० मध्ये हे अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन करण्यात आला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यातील सह्याद्री उपसमूहात कास पठार, कोयना, चांदोली व राधानगरी यांचा अंतर्भाव आहे.

या अरण्यात गवा, अस्वल, बिबट्या, सांबर, भेकर, रानकुत्रा आणि शेकरू आढळतात. वाघांचे अस्तित्व दीर्घकाळ विरळ राहिले. २०२५ मध्ये ताडोबा परिसरातून वाघीण आणून प्रकल्पात सोडण्यात आली.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यातील प्रवेश मर्यादित आहे आणि कलम २८ नुसार अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन इत्यादी कारणांसाठी परवाना देता येतो. कलम ३० नुसार अभयारण्यात आग लावणे वा पेटती सोडणे निषिद्ध आहे. हे नियम केवळ वासोट्यापुरते नाहीत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गौताळा औट्रमघाट अभयारण्यासारख्या अन्य अभयारण्यांनाही तेच लागू होतात.

वासोट्याच्या पायथ्याशी वन विभागाची चौकी आहे. तेथे नावांची नोंद होते आणि सोबतच्या प्लॅस्टिकच्या वस्तू मोजल्या जातात. त्यासाठी अनामत घेतली जाते व परतताना तेवढ्याच वस्तू दाखवल्यावर ती परत मिळते. सायंकाळपूर्वी होडीत परतणे बंधनकारक आहे. पावसाळ्यात पदभ्रमण बंद असते. शुल्क, वेळा व हंगाम यांत बदल होत असल्याने निघण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करणे आवश्यक आहे.

मार्ग

पुण्याहून सातारा सुमारे ११० कि.मी. आहे. छत्रपती संभाजीनगरहून येणाऱ्यांना अहिल्यानगर व पुणेमार्गे साताऱ्यापर्यंत सुमारे ३५० कि.मी. अंतर पडते. त्यामुळे आदल्या दिवशी बामणोलीस पोहोचून मुक्काम करणे सोयीचे ठरते. साताऱ्याहून कास पठारावरून बामणोली सुमारे ३५ कि.मी. आहे.

बामणोलीहून होडीने मेट इंदवलीस पोहोचण्यास एक ते दीड तास लागतो. होडी संपूर्ण गटासाठी ठरवावी लागते आणि तीच होडी परतीसाठी थांबते. चौकीपासून वाट दाट रानात शिरते. प्रारंभी एक ओढा लागतो. पुढे चढ सलग व खडा होत जातो. मात्र माथ्याजवळचा भाग वगळता बहुतेक वाट सावलीतली आहे. वर एका फाट्यावरून एक वाट नागेश्वरकडे व दुसरी किल्ल्यावर जाते. सामान्य चालीने चढण्यास दोन ते तीन तास पुरतात.

गडावर पडक्या दरवाजांचे अवशेष, मारुती व महादेवाची मंदिरे, वाड्याचे जोते आणि पाण्याची टाकी आहेत. पश्चिमेकडील बाबुकडा हे येथील विशेष स्थळ असून त्याच्या अर्धवर्तुळाकार कड्याची तुलना हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याशी केली जाते. समोर जुना वासोटा दिसतो. हवा स्वच्छ असल्यास चकदेव, पर्वत, महिमंडणगड तसेच रसाळगड, सुमारगड व महिपतगड ही दुर्गत्रयी ओळखता येते.

नागेश्वर हे कड्यातील गुहेत असलेले शिवस्थान आहे. महाशिवरात्रीस कोकणातील चोरवणे गावाकडून भाविक तेथे चढून येतात. वासोटा व नागेश्वर ही दोन्ही स्थळे एका दिवसात करावयाची असल्यास पहाटे निघावे लागते आणि परतीच्या होडीची वेळ सतत ध्यानात ठेवावी लागते.

मुक्कामाची पद्धत व तिच्यातील बदल

निर्बंध कडक होण्यापूर्वी वासोटा हे दोन-तीन दिवसांचे पदभ्रमण होते. गिरिप्रेमी पथाऱ्या, शिधा व भांडी पाठीवर घेऊन गडावर किंवा नागेश्वरच्या गुहेत राहत आणि चोरवणेमार्गे कोकणात उतरत. या मुक्कामाचा आधार गडावरील टाक्यांचे पाणी आणि रानातील जळण हा होता. गट लहान व क्वचित येत तोवर हे निभावले. मुक्काम करणाऱ्यांची संख्या वाढली की तीच टाकी आणि तेच जळण अपुरे पडते. पाणवठ्यावर रात्री येणारी जनावरे दूर जातात, चुलींमुळे वणव्याचा धोका वाढतो आणि कचरा साचतो.

बेटावरील वा दुर्गम अरण्यातील मुक्कामाचा हा प्रश्न जगात इतरत्रही उद्भवला आहे. अमेरिकेतील सुपीरियर सरोवरातील आयल रॉयल हे राष्ट्रीय उद्यान होडीने किंवा जलविमानानेच गाठता येते आणि नोव्हेंबरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत बंद असते. तेथे ठरावीक तळांवर परवान्याने तंबू ठोकू दिले जातात आणि कचरा सोबत परत न्यावा लागतो. वासोट्यास रात्रीचा मुक्कामच वगळण्यात आला आहे. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे: जागा किती माणसे सोसू शकते, हे पाहून प्रवेश ठरवला जातो. वासोट्याच्या निर्णयाने गडावरची रात्र गेली. पण पूर्व तीरावरील गावांत घरगुती निवास, जेवण व तंबू यांची सोय वाढली आणि प्रवासाच्या खर्चाचा काही भाग धरणग्रस्त खोऱ्यातच राहू लागला.

तयारी व दक्षता

• ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. या दिवसांत जलाशयाच्या काठी रात्री चांगलीच थंडी असते. तंबूत राहणाऱ्यांनी उबदार पांघरूण न्यावे.
• प्रत्येकाने किमान तीन लिटर पाणी न्यावे. टाक्यांतील पाण्यावर विसंबू नये.
• दशम्या, गूळ-शेंगदाणे, चटणी-भाकरी असे न शिजवता खाता येणारे पदार्थ कापडात वा डब्यात बांधून न्यावेत. अरण्यात चूल पेटवू नये.
• होडीत सर्वांनी जीवरक्षक जाकीट घालावे. क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसवू नयेत.
• पावसाळ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत वाटेवर जळवा असतात. पूर्ण बाह्यांचे कपडे व घट्ट बूट उपयोगी पडतात.
• सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. धूर, उग्र अत्तर व गोंगाट टाळावा.
• बाबुकड्याच्या धारेवर गवत व सुटी माती असते. कडेला उभे राहून छायाचित्रे घेऊ नयेत.
• गटापासून वेगळे होऊन आडवाटेने जाऊ नये. खोऱ्यात भ्रमणध्वनीचा संपर्क सर्वत्र मिळत नाही.

हे सुद्धा पहा

कोयना वन्यजीव अभयारण्य
सह्याद्री व्याघ्र प्रकल्प
कोयना धरण
कास पठार
हरिश्चंद्रगड
गौताळा औट्रमघाट अभयारण्य