‘अचूक’ म्हणजे कुणासाठी अचूक? जीपीएस, पांढरी काठी आणि परभणीचा रस्ता

कुठल्याही तंत्रज्ञानावर संशोधन करायचं म्हटलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, अचूकता किती? त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: कुणाच्या कामासाठी अचूक? उपग्रहावरून वाट दाखवण्याच्या इतिहासातून हा मुद्दा चांगला समजतो.

समजा, एक अंध व्यक्ती परभणी स्टेशनवर उतरली आणि फोनचा आवाज ऐकत बसस्टँडकडे निघाली. अमेरिकेच्या अधिकृत जीपीएस माहितीनुसार मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोन साधारण ४.९ मीटर त्रिज्येच्या आत जागा दाखवतो. गाडी चालवणाऱ्याला हे भरपूर झालं. गाडी रस्त्यावरच आहे हे सॉफ्टवेअर गृहीत धरतं, उरलेलं डोळे बघतात. पायी चालणाऱ्या अंध माणसाला मात्र ५ मीटर म्हणजे रस्त्याची ही बाजू की ती, एवढा फरक. फोन ‘पोहोचलात’ म्हणतो आणि गेट वाहत्या रस्त्याच्या पलीकडे असतं.

मुळात जीपीएस उभारली अमेरिकेच्या लष्करानं. सप्टेंबर १९८३ मध्ये दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही सेवा नागरिकांना खुली करायचं जाहीर केलं. पण पुढं नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळली जायची, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत हुकायची. ही मिसळ मे २००० मध्ये बंद झाली.

अंधांसाठीचं संशोधन मात्र २००० ची वाट बघत बसलं नव्हतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथं जॅक लूमिस यांनी १९८५ मध्येच ही कल्पना मांडली. त्यांच्यासोबत मानसशास्त्रज्ञ रॉबर्टा क्लॅट्झकी होत्या आणि भूगोलतज्ज्ञ रेजिनाल्ड गॉलेज होते. गॉलेज यांची दृष्टी १९८४ मध्ये गेली होती. म्हणजे संशोधकांपैकी एक जण स्वतःच वापरणारा होता. पाठीवर कॉम्प्युटर, कानाला हेडफोन, आणि जमिनीवरच्या स्थिर केंद्राकडून आलेल्या दुरुस्तीनं चूक बरीच कमी केलेली. ‘डावीकडे वळा’ असं शब्दांत सांगावं, की ज्या दिशेला जायचं तिकडूनच आवाज येतोय असं भासवावं? हाही त्यांच्या संशोधनाचा प्रश्न होता. मीटर मोजून त्यांचं काम संपलं नाही.

आता परभणीत येऊ. जिल्हा साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. त्याच्या उत्तरेला, मध्य भारताच्या वर, आयनोस्फिअरमध्ये इलेक्ट्रॉनांची दाटी होते. तिच्यातून येताना सिग्नलला उशीर लागतो आणि जागा चुकते. यासाठीच इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं ‘गगन’ उभारली. तिच्या १५ संदर्भ केंद्रांपैकी एक नागपूरला आहे. २०१५ मध्ये तिला विमान उतरवण्याच्या कामी मान्यता मिळाली. म्हणजे इथंही पहिला ग्राहक विमान.

दुसरं उदाहरण शेतीचं. भूमी अभिलेख खातं आता रोव्हरनं मोजणी करतं आणि स्थिर केंद्रांच्या दुरुस्तीमुळे ती सेंटिमीटरच्या पातळीवर जाते. बघा, एकाच आकाशाखाली बांधाला सेंटिमीटर आणि अंध प्रवाशाला ५ मीटर! तंत्र उपलब्ध आहे. तसा रिसीव्हर, दुरुस्तीची जोडणी आणि गेट-फूटपाथ दाखवणारा नकाशा कुणासाठी करायचा, हे मात्र आधीच ठरून गेलेलं असतं.

तरी सेंटिमीटर मिळाले म्हणून सगळं सुटणार नाही. उघडी नाली किंवा आडवा लावलेला हातगाडा उपग्रहाला दिसत नाही. तिथं पांढरी काठीच लागते. ती दोन्ही बाजूंना झुलवत चालायची पद्धत रिचर्ड हूवर यांनी दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी बसवली. आयआयटी दिल्लीची ‘स्मार्टकेन’ ध्वनिलहरींनी पुढचे ३ मीटरपर्यंतचे अडथळे ओळखते. उपग्रह दिशा सांगतो, नकाशा गेट सांगतो, काठी पुढचं पाऊल सांगते. एकाचं काम दुसऱ्यावर ढकललं की माणूस पडतो.

म्हणून एखाद्या पेपरमध्ये ‘अचूकता ३ मीटर’ दिसलं की वहीत चार प्रश्न लिहा. हा आकडा सरासरी आहे की ९५ टक्के वेळांचा? कुठं मोजला? दिवसाच्या कोणत्या वेळी? आणि चाचणी कुणावर झाली, डोळ्यांना पट्टी बांधलेल्या डोळस विद्यार्थ्यांवर की रोज काठीनं चालणाऱ्या माणसांवर?

तुमच्यापैकी कुणाला विषय हवा असेल, तर स्टेशन ते बसस्टँड हा रस्ता घ्या. अंध प्रवाशांना सहसंशोधक म्हणून सोबत घ्या आणि मीटरऐवजी हे मोजा: फोननं किती वेळा रस्त्याची बाजू चुकीची सांगितली. प्रवाशाच्या कामाचा आकडा तोच आहे.