माळवदाचे सवणे

सवणे म्हणजे माळवदाला, अर्थात मातीच्या सपाट छपराला, उजेड, हवा व चुलीचा धूर यांच्या वाटेसाठी ठेवलेले भोक होय. मराठवाडा व सोलापूर भागातील जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतींना खिडक्या फारशा नसत. त्यामुळे आतल्या खोल्यांत दिवसाचा उजेड मुख्यतः सवण्यातूनच येई.

रचना

माळवदाचा भार लाकडी खांब, त्यांवरील तुळया आणि तुळयांवर आडव्या टाकलेल्या कड्या पेलतात. खांबांमधील अंतराला ‘खण’ म्हणतात व घराचे मोजमापही खणांतच सांगितले जाते. कड्यांवर लाकडी चिपा किंवा फळ्या, त्यांवर झाडपाला आणि त्यावर चोपून बसवलेली पांढरी किंवा खारी माती, असे थर असतात. निंबाचा पाला किडीला आवर घालतो म्हणून तो पसंत केला जाई. सवणे दोन कड्यांच्या मधल्या जागेत ठेवले की कडी तोडावी लागत नाही. भोवतीची माती ढासळू नये म्हणून लाकडी चौकट किंवा दगड बसवून काठ थोडा उंच ठेवतात. पावसात त्यावर फरशीचा तुकडा किंवा पत्रा झाकला जातो.

उष्णतारोधन

माती ही खऱ्या अर्थाने उष्णतारोधक नव्हे. ती उष्णता अडवण्यापेक्षा साठवून ठेवते. फूट-दीड फूट थरातून दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर बाहेरची हवा निवलेली असते. भर उन्हाळ्यातही माळवदाखाली गारवा वाटतो तो यामुळे. सवण्यापाशी मात्र हा थर तुटतो. चौकटीचे लाकूड मातीपेक्षा कमी उष्णता वाहत असले, तरी ते ओले झाले की हा गुण उणावतो. काठावरून पाणी मुरणे, मग लाकूड कुजणे व वाळवी लागणे, हीच सवण्याची जुनी दुखणी आहेत. थंड देशांत छतावरील काचेच्या झरोक्याखाली उभ्या केलेल्या लाकडी चौकटीला बाहेरून रोधक थर लावतात, जेणेकरून लाकूड उबदार राहावे व त्यावर आतली वाफ गोठून पाणी धरू नये. माळवदात हेच काम काठापर्यंत चढवलेली माती करते, फक्त थंडीऐवजी उन्हाविरुद्ध.

मातीचे ओझे

गळती थांबवण्यासाठी पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकण्याची रीत होती. जुनी माती काढली जात नसल्याने पिढ्यान्‌पिढ्या थर वाढत गेला. काही घरांत तो दोन फुटांहूनही जाड झाला होता. एक फूट जाडीच्या मातीचे वजनच दर चौरस मीटरला सुमारे 500 किलो भरते. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदे कोसळणे हे त्याचे प्रमुख कारण होते. ज्या घरांत छपराचा भार भिंतींवर नसून लाकडी खांबांवर होता, त्यांतील काहींच्या भिंती पडूनही सांगाडे उभे राहिले. दोष माळवदाच्या कल्पनेचा नव्हे, तर बेहिशेबी मातीचा व सैल भिंतींचा होता, असे म्हणणे वावगे ठरू नये. भूकंपानंतरच्या मजबुतीकरणात मातीचा थर सुमारे 200 मिलिमीटरपर्यंत उतरवणे, त्याखाली प्लास्टिकचा कागद घालणे आणि खांब-तुळईच्या सांध्यांत तिरपे आधार ठोकणे, हे उपाय सुचवले गेले. माती कमी झाल्याने गारवा काहीसा घटतो. तेवढी किंमत त्यात गृहीत धरलेली आहे.

इतर प्रदेश

पुणे जिल्ह्यात जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात पाऊस अधिक असल्याने उतरती कौलारू छपरे रूढ झाली. विघ्नहराच्या ओझरकडून सह्याद्रीकडे जाताना हा पालट ध्यानात येतो. अशा छपरात सवण्याचे काम रिपांवर बसवलेले काचेचे कौल करते. ते बसवणे सोपे व वजनाला हलके असते, पण त्यातून उजेडाबरोबर ऊनही थेट आत उतरते.