विजेच्या गिटारवरील टोनचे बटण

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर मोठी गोल बटणे असत. एकाने स्टेशन लागे, दुसऱ्याने आवाज कमी-जास्त होई. पुष्कळ संचांवर आणखी एक बटण असे. ते फिरवले तर स्टेशन बदलत नसे, आवाजही फारसा वाढत नसे. पण गाणाऱ्याचा गळाच बदलल्यासारखा वाटे. खरखर कमी होई आणि आवाज भरीव, थोडा घोगरा येई. तेच टोनचे बटण. हे बटण पुढे एका तंतुवाद्याच्या अंगावर जाऊन बसले. तिथे त्याने काय घडवले, ती हकीकत आज पाहू. ते वाद्य म्हणजे विजेची गिटार.

अमेरिकेत १९२०-३० च्या सुमारास नृत्यगृहांतून मोठे वाद्यवृंद वाजत. त्यांत कर्णे, सॅक्सोफोन आणि ढोल यांचा असा दणका असे की, बिचाऱ्या गिटारचा आवाज शेजारी बसलेल्यालाही ऐकू जात नसे. तेव्हा जॉर्ज बोशाँप या वादकाने एक युक्ती काढली. पोलादी तारांजवळ लोहचुंबक आणि त्याबरोबर तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवायचे. तार हलली की वेटोळ्यात तशीच थरथरती वीज उत्पन्न होते. ती अॅम्प्लिफायरने मोठी करून कर्ण्याला द्यायची. या वेटोळ्याला पिकअप म्हणतात. १९३२ साली रिकनबॅकर यांच्या कारखान्यातून अशी गिटार बाजारात आली. तिचा आकार तव्यासारखा होता, म्हणून लोक तिला गंमतीने 'फ्राइंग पॅन' म्हणू लागले.

पुढे १९३६ साली गिब्सन कंपनीने ईएस-१५० नावाची गिटार काढली. तिच्यावर दोन बटणे होती, एक आवाजाचे आणि एक टोनचे. चार्ली ख्रिश्चन हा तरुण कृष्णवर्णीय वादक १९३९ साली बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात आला तो हीच गिटार घेऊन. आतापर्यंत मागे बसून ठेका धरणारी गिटार त्याच्या हातात पुढे येऊन सॅक्सोफोनच्या बरोबरीने बोलू लागली. हा गुणी वादक १९४२ साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी वारला. पण तेवढ्यात गिटारचे स्थान कायमचे बदलले होते.

आता हे टोनचे बटण करते तरी काय? आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत असते की, बटण फिरवले म्हणजे आवाजात काहीतरी भर पडते. गिटारच्या या साध्या बटणाची गोष्ट नेमकी उलट आहे. ते फक्त काढून घेते!

असे पाहा. तार छेडली की एकच स्वर निघत नाही. मूळ स्वराबरोबर त्याचे कितीतरी उंच उपस्वर निघतात, आणि आवाजाला धार येते ती त्यांच्यामुळे. गिटारमध्ये एक छोटा कंडेन्सर असतो. सावकाश हेलकावणारी वीज, म्हणजे खर्जाचे स्वर, त्यातून सहजी जात नाहीत. पण झपाट्याने हेलकावणारे उंच उपस्वर सुळकन निघून जातात. टोनचे बटण म्हणजे या वाटेवरचा दरवाजा. शेताला पाणी देताना आपण दारे धरतो ना, तसेच. बटण पूर्ण उघडे असेल तेव्हा सगळा प्रवाह अॅम्प्लिफायरकडे जातो. बटण उलटे फिरवाल तसतसे उंच उपस्वर कंडेन्सरमधून अर्थच्या तारेत सांडतात आणि मागे राहतो तो मऊ, गोल आवाज. कंडेन्सर जेवढा मोठा, तेवढे सांडणे अधिक. फेंडर कंपनीच्या सुरुवातीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये तो ०.१ मायक्रोफॅरडचा असे, तर गिब्सनकडे साधारण ०.०२ चा. दोन्ही गिटारींची बटणे पूर्ण बंद केली, तरी आवाज सारखा येत नाही त्याचे एक कारण हे.

आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी ठाऊक आहे. उघडी जवारी आणि बंद जवारी यांत फरक असतो तोही उपस्वरांचाच. पण जवारी लावायला कसबी कारागिराचा हात लागतो. गिटारवाल्याला तेच काम वाजवता वाजवता करंगळीने करता येऊ लागले. रॉय बुकानन हा अमेरिकन वादक तर स्वर चालू असतानाच ते बटण फिरवी आणि तारेतून माणसाच्या रडण्यासारखा आवाज काढी.

या कथेतला मोठा माणूस म्हणजे लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी १९३८ साली त्याने रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. गंमत अशी की, त्याला गिटार वाजवता येत नसे. पण रेडिओ त्याला आतबाहेर ठाऊक होता, आणि रेडिओचीच बुद्धी त्याने गिटारला लावली. १९५० साली त्याने ब्रॉडकास्टर नावाची गिटार काढली. तिचेच नाव १९५१ मध्ये टेलिकास्टर झाले. तिच्या खटक्याच्या एका घरात मोठा कंडेन्सर जोडलेला होता. खटका तिकडे केला की आवाज अगदी खोल आणि दबका होई. छोट्या वाद्यवृंदात एकाच गिटारवाल्याला खर्जाचेही काम करता यावे, असा त्यामागे हिशेब होता. पण १९५१ साली फेंडरनेच खर्जाची वेगळी विजेची गिटार काढली आणि त्या जोडणीचे प्रयोजन बरेचसे संपले. तरीही ती दबक्या आवाजाची जोडणी सुमारे १९६७ पर्यंत चालूच राहिली! वादकांनी मात्र वाट पाहिली नाही. पुष्कळांनी डाग देण्याची इस्त्री हातात घेतली, तार उपटली आणि आपल्याला हवी तशी जोडून घेतली.

१९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरचेही असेच झाले. तिला तीन पिकअप, एक आवाजाचे बटण आणि दोन टोनची. पण घोडीजवळच्या सर्वांत तिखट पिकअपला टोनचे बटणच जोडलेले नव्हते. खटक्याला तीन घरे होती, एका वेळी एक पिकअप. वादकांना शोध लागला की, खटका दोन घरांच्या मध्ये अडकवला तर दोन पिकअप एकदम बोलतात आणि निराळाच पोकळ, गोड आवाज येतो. कारखान्याने पाच घरांचा खटका दिला तो १९७७ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी. तिकडे इंग्लंडमध्ये एरिक क्लॅप्टनने १९६७ च्या सुमारास टोनचे बटण पार बंद करून आणि आवाज भरपूर चढवून बासरीसारखा गोल सूर काढला. बटण ठेवले होते तिखटपणा कमी करण्यासाठी. त्याने त्यातून नवीन गळाच निर्माण केला.

आपल्याकडेही हे वाद्य परके राहिले नाही. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या गिटारवर चित्रपटगीते वाजवून तबकड्या काढल्या. आणि लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी ऐकली नाही असा माणूस विरळा. त्या बेंजोतही तारांखाली पिकअप असतो, आणि त्याला अशी बटणे लावली तर नियमही हाच.

पण एक गोष्ट जिवाची आहे, ती ध्यानात ठेवा. पिकअपमधली वीज अगदी क्षीण असते, तिने कुणाला काही होत नाही. मात्र तारा अर्थला जोडलेल्या असतात, आणि अॅम्प्लिफायरमध्ये किंवा मांडवाच्या वायरिंगमध्ये दोष असला तर मुख्य लाइनची वीज त्याच वाटेने वादकाच्या अंगात येते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे या गिटारवादकाने गिटार हातात असताना मायक्रोफोनला हात लावला, आणि तो रंगमंचावरच गतप्राण झाला. मायक्रोफोनचे अर्थिंग नीट नव्हते. म्हणून वाजवणाऱ्यांनी आधी अर्थिंग तपासून घ्यावे, मग सूर लावावा.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. उपस्वराचा पाठ शिकवताना टोनचे बटण असलेला एखादा जुना संच वर्गात आणा. तो उघडू नका, आत जबर वीज असते. बाहेरून नुसते बटण फिरवा आणि मुलांना विचारा, आवाजातून काय गेले? 'काय आले' असे विचारू नका बरे! मुले नीट कान देऊन ऐकतील, आणि फळ्यावरच्या आकृतीने जे तासभर उमजत नाही ते दोन मिनिटांत उमजेल.