पाट, पेन्शन आणि पूर्णा

साठी ओलांडलेले दोघे लग्नावाचून एका घरात राहू लागले की मराठवाड्यात एक शेरा हमखास ऐकू येतो: हे पुण्या-मुंबईचं खूळ. शेऱ्याला थोडा आधार आहे. ज्येष्ठांना लिव्ह-इनसाठी जोडीदार शोधायला मदत करणारे मंडळ माधव दामले यांनी २०१२ मध्ये पुण्यातच सुरू केले, आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्याही बहुधा तिथल्याच. पण दुसरा जोडीदार, आणि त्याच्याबरोबर राहण्याआधी मांडायचा हिशेब, या दोन्ही गोष्टी गोदावरीकाठच्या खेड्यापाड्यांना पुण्याकडून शिकाव्या लागल्या नाहीत. माझे म्हणणे असे, की हा प्रश्न इथे नीतीचा कमी आणि मिळकतीचा जास्त राहिलेला आहे. बाईने दुसरे घर केले की पहिल्या घराकडून आलेले तिच्या हातून सुटते, ही एकच अट आधी रूढीत होती, मग कायद्यात आली आणि शेवटी पेन्शनच्या नियमात येऊन बसली. परभणी जिल्ह्यातले पूर्णा हे रेल्वेचे गाव असल्यामुळे ही वाटचाल तिथे चांगली उमगते.

सुरुवात पाटापासून, म्हणजे रूढीने चालणाऱ्या विधवेच्या पुनर्विवाहापासून करावी लागते. पुनर्विवाहाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विष्णुशास्त्री पंडित, १८६६ ची पुनर्विवाहोत्तेजक मंडळी आणि १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न करणारे धोंडो केशव कर्वे येतात. ही लढाई खरी, पण ती ज्यांच्यात विधवेचे लग्न निषिद्ध होते अशा थोड्या जातींची. कुणबी, माळी, धनगर, महार आणि कितीतरी कारागीर जातींत पाट किंवा मोहतूर आधीपासून चालत होता. निजामाच्या मुलखातल्या जातींवरचा सय्यद सिराज उल हसन यांचा ग्रंथ १९२० चा. विधवेचे दुसरे लग्न त्यात जातीजातीगणिक नोंदलेले दिसते. पाट रात्री लागे, त्यात लग्नाचा थाट नसे. पुरुष अविवाहित असला तर काही जातींत त्याचे लग्न आधी रुईच्या झाडाशी लावत, म्हणजे पाट त्याचा दुसरा ठरे. पेशवाईत तर पाट लावल्याबद्दल सरकारात पाटदाम भरावा लागे. सरकार ज्याच्यावर कर बसवते ती गोष्ट चोरून होत नसते. या पाटाला बोलणी होती, पंच होते. पहिल्या नवऱ्याचे दागिने परत करायचे, मुले बहुधा त्याच्या भावकीत ठेवायची, जमिनीवर हक्क सांगायचा नाही, हे चारचौघांत ठरे. अटी कडक होत्या, पण आधी माहीत होत्या.

१८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला मोकळीक दिली आणि दुसऱ्याच कलमात पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. जिथे पाट आधीपासून मान्य होता तिथल्या बायकांना हे कलम लागू करण्याचे वास्तविक कारण नव्हते. त्यांना या कायद्याने नवीन काहीच दिले नव्हते. अलाहाबादच्या न्यायालयाने तसेच धरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मात्र १८९६ मध्ये, विठू विरुद्ध गोविंदा या खटल्यात, उलट निकाल दिला: रूढीने पुनर्विवाह चालत असला तरी हक्क जाणारच. परभणी तेव्हा निजामाकडे, त्यामुळे हा कायदा आणि हा निकाल तिथे आपोआप लागू नव्हता. पण पाटाने गेलेली बाई मोकळ्या हातांनी जाते, हे तिथल्या रूढीतही होतेच. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने चित्र पालटले. विधवेला मिळालेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा झाला आणि पुढे लग्न केले म्हणून तो परत घेता येईना. परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला तो त्याच वर्षी. जमिनीपुरती जुनी अट तिथे संपली.

पण तोवर पूर्णेत जमिनीइतकीच महत्त्वाची दुसरी मिळकत उभी राहिली होती. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास इथून गेली, पुढे हिंगोलीचा फाटा फुटला, जंक्शन झाले आणि रेल्वेच्या नोकरीवर घर चालवणारी माणसे गावात वसली. रेल्वेत पेन्शन १९५७ मध्ये आली आणि कर्मचाऱ्याच्या मागे कुटुंबाला मिळणारी फॅमिली पेन्शन १९६४ पासून. तिची मुदत अशी: विधवेच्या किंवा विधुराच्या मृत्यूपर्यंत, नाहीतर पुनर्विवाहापर्यंत, जे आधी घडेल ते. शेतीच्या बाबतीत जे कलम नुकतेच मोडीत निघाले होते ते आठ वर्षांनी इथे पुन्हा उगवले. या वेळी धर्माचाही भेद राहिला नाही. विधवेच्या निकाहला मुसलमानांत धार्मिक आडकाठी कधीच नव्हती, पण इद्दत, म्हणजे ठरलेला प्रतीक्षाकाळ, संपवून रीतसर निकाह केलेल्या बाईची पेन्शनही तशीच बंद होते. २००६ पासून एक सवलत मिळाली: मूल नसलेल्या विधवेला, स्वतःचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर, पुनर्विवाहानंतरही पेन्शन चालू राहते. मुले असलेलीला नाही. सरकारी हिशेबात मुले म्हणजे आधार. आणि मुले पुण्याला, घरात म्हातारी एकटी, असा रकाना त्या फॉर्मात नसतो.

आता पूर्णेसारख्या गावातला एक नमुना हिशेब मांडून पाहू. तो निवृत्त रेल्वेवाला, विधुर. ती दुसऱ्या कर्मचाऱ्याची विधवा, फॅमिली पेन्शनवर जगणारी, दोन मुलांची आई. लग्न केले तर त्याची पेन्शन हलत नाही, कारण ती त्याच्या नोकरीची. तिची त्या दिवसापासून थांबते. मात्र त्याच्या मागे तिला त्याची फॅमिली पेन्शन मिळू शकते. निवृत्तीनंतर केलेल्या लग्नाची पत्नीही या पेन्शनला पात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये भगवंती खटल्यात ठरवले. लग्न न करता राहिली तर तिची आजची पेन्शन शाबूत, पण तो गेल्यावर त्याच्याकडून काही नाही आणि घर त्याच्या मुलांचे. म्हणजे लग्न करायचे तर हातातला पैसा सोडून उद्याच्या आशेवर राहायचे, आणि न करायचे तर आजचे वाचवून उद्या वाऱ्यावर. पाटाची बोलणी करायला बसलेल्या बाईपुढे याहून फार वेगळा प्रश्न नव्हता.

यावर पहिला आक्षेप असा, की पाटाचे गोडवे गाऊ नयेत. बरोबर आहे. पाटाच्या बाईचा मान लग्नाच्या बाईपेक्षा खाली असे, मंगल कार्यात तिला मागे ठेवत, आणि तिचे मूल सुटणे हा काही करारातला किरकोळ मुद्दा नव्हे. शिवाय पाट मुख्यतः तरुण विधवांचा. उतारवयाचा प्रश्न तेव्हा या रूपात फारसा उभाच राहत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातले सरासरी आयुर्मान तेवीस वर्षांच्या आसपास होते (बालमृत्यूंनी ते खाली ओढलेले होते, तरीही), आज ते सत्तरीच्या घरात आहे. निवृत्तीनंतरची वीस-वीस वर्षे ही नवी गोष्ट आहे, हे मला मान्य. पण मी पाटाकडे आदर्श म्हणून बघत नाही, पुरावा म्हणून बघतो. दुसरे घर हे इथल्या बहुसंख्यांच्या लेखी पाप नव्हते, व्यवहार होता, एवढेच त्यातून सिद्ध होते, आणि माझ्या मुद्द्याला तेवढे पुरते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. लोक म्हणतील, मग लिव्ह-इन हाच उपाय झाला; पेन्शनही राहते आणि सोबतही मिळते. इथे कायदा दुहेरी बोलतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने लग्नासारख्या नात्यातल्या स्त्रीला संरक्षण दिले. नाते तसे आहे की नाही हे कशावरून ठरवायचे, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या वेलुसामी आणि २०१३ च्या इंद्रा सरमा या निकालांत सांगितले. किती काळ एकत्र राहिले, घर एक होते का, पैसा एकत्र होता का, लोकांत जोडपे म्हणून वावरत होते का, असे ते निकष. जितके उघडपणे राहाल तितके संरक्षण पक्के. पण दीर्घ सहवासावरून लग्न झाल्याचेच गृहीत धरता येते, हेही त्याच न्यायालयाने १९७८ च्या बद्रीप्रसाद खटल्यात, सुमारे पन्नास वर्षांच्या सहवासाबद्दल म्हटले आहे. विधवा पुन्हा लग्न केल्यास कळवण्याची हमी देऊन पेन्शन घेते. तेव्हा हक्कासाठी बायको आणि पेन्शनसाठी विधवा, हे दोन्ही दावे एकाच तोंडाने फार काळ करता येत नाहीत. गुपचूप राहावे तर त्याच्या मुलांनी उद्या घराबाहेर काढल्यावर दाद कुठे मागणार? पाट रात्री लागला तरी पंच साक्षीला असत. बंद दाराआडच्या सहवासाला तेवढाही साक्षीदार नसतो.

मुलांचा विरोध हाही बहुतेक वेळा याच गाठीशी येऊन थांबतो. वडिलांचे हसे होईल असे बोलून दाखवले जाते, पण खरी धास्ती सात-बाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर नवे नाव चढण्याची असते. ही धास्ती मला क्षुल्लक वाटत नाही, कारण लग्नाची पत्नी खरोखरच वारस होते. ती मिटवायची तर नोंदवलेले मृत्युपत्र हवे: घर मुलांचे, तिला हयातभर राहण्याचा हक्क. घर जिवंतपणीच मुलांच्या नावे करायचे झाले, तर सांभाळाची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. अट मोडल्यास हस्तांतर रद्द करून मागण्याची तरतूद २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. हे कागद मुलांसमोर वाचून सह्या झाल्या, तर निम्मी भांडणे उंबऱ्याबाहेर राहतील. उरतो पेन्शनचा नियम, आणि तो कुणा कुटुंबाला घरात बसून सोडवता येणारा नाही. मूल नसलेलीला २००६ मध्ये दिलेली सवलत, उत्पन्नाची तीच मर्यादा ठेवून, साठीपुढच्या प्रत्येक विधवेला आणि विधुराला द्यायला काय हरकत आहे, याचे उत्तर रेल्वेने आणि केंद्राच्या पेन्शन खात्याने द्यायचे आहे. खर्च वाढेल हे कारण पटणारे नाही: आज ती पेन्शन वाचवण्यासाठी लग्न टाळले जाते, म्हणजे सरकारचा पैसा आताही जातोच.