उल्हास नदीच्या कांठची वाट

ठाणें आणि कल्याण हीं दोन्ही स्थानें इतिहासाच्या अभ्यासकांस नवीं नाहींत. शिलाहारांच्या लेखांतील 'स्थानक' तें ठाणें; आणि कान्हेरीच्या लेण्यांतील कित्येक दात्यांनीं आपलें गांव म्हणून ज्याचा निर्देश केला आहे तें कल्याण. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत कल्याण बंदराचें नांव आहे. त्या काळीं तेथें व्यापाराची मोकळीक उरली नसून येणारें ग्रीक जहाज पहाऱ्यांत भडोचास नेलें जाई, असेंही त्यांत म्हटलें आहे. परंतु बंदरें, किल्ले व दानलेख यांविषयीं जितकें लिहिलें गेलें, तितकें या दोन गांवांमधील रोजच्या जाण्यायेण्याविषयीं लिहिलें गेलें नाहीं. परदेशांत कालव्यांच्या कांठच्या जुन्या वाटांवरून पुष्कळ लोक सायकलीनें कामावर जातात. तशी एखादी वाट आमच्या खाडीकांठींही पूर्वीं असलीच पाहिजे, असें अनुमान सहज सुचतें. तें कितपत खरें आहे हें तपासून पाहणें, हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ती परदेशी वाट म्हणजे काय हें पाहूं. इंग्लंडांत १७६१ सालीं ब्रिजवॉटरचा कालवा सुरू झाला व पुढें तशा कालव्यांचें जाळें त्या देशभर पसरलें. कालव्याचें पाणी स्थिर. त्यास ओढ नाहीं. म्हणून कांठावरून घोडा चाले व लांब दोरानें तो होडी ओढी. घोड्याचा पाय घसरूं नये व दोर अडूं नये यासाठीं ही ओढवाट सपाट, कठीण व सलग ठेवणें भाग होतें. ती बहुधा पुलांखालूनही तशीच नेलेली असे. पुढें घोडे गेले, परंतु वाट राहिली. आणि २०१२ पासून एक सार्वजनिक न्यास त्या देशांतील बहुतेक कालव्यांसह तिची देखभाल करीत आहे. आमच्या पुण्यासही खडकवासल्याच्या धरणापासून निघालेल्या मुठा कालव्याच्या कडेनें माणसें व सायकली जातात. परंतु तो रस्ता पाटबंधाऱ्याच्या देखरेखीसाठीं झालेला. होडी ओढण्यासाठीं नव्हे. दिसण्यांत दोन्ही वाटा सारख्या असल्या तरी त्यांचीं कुळें भिन्न आहेत.

दोरानें होडी ओढण्याची रीत आमच्या देशास अपरिचित होती असें मात्र नाहीं. संस्कृतांत 'गुण' म्हणजे दोर. नौकेंतील दोर बांधण्याच्या खांबास अमरसिंहानें 'कूपक' व 'गुणवृक्षक' अशीं नांवें दिलीं आहेत. गंगेच्या कांठच्या प्रदेशांत नावाडी कांठावरून चालत ज्या दोरानें नाव ओढीत, त्यास बंगाल्यांत आजही 'गुण' म्हणतात. मग उल्हास नदीच्या कांठीं ही रीत कां रुजली नाहीं? आमच्या मतें याचें उत्तर एका शब्दांत देतां येतें: भरती.

बोरघाटाजवळच्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी कल्याणाजवळ येईतों खाडीचें रूप घेते. ठाण्याच्या अंगास तिचे दोन फांटे होतात. मुख्य फांटा साष्टीच्या उत्तरेनें वसईस जातो व दुसरा ठाण्याच्या खाडीनें मुंबई बंदरास मिळतो. भरतीचें पाणी कल्याणपर्यंत चढतें व ओहोटीबरोबर उतरतें. जेथें समुद्र स्वतःच दिवसांतून दोनदां होडी वर नेतो व दोनदां खालीं आणतो, तेथें घोडा पोसण्याचें किंवा माणसांच्या खांद्यांस दोर लावण्याचें प्रयोजन काय? इंग्लंडांत जें काम घोडा करी, तें येथें चंद्र करीत असे.

या चंद्राचें वेळापत्रक कोंकणांतील लोकांस मुखोद्गत असे. तिथीचा आंकडा घ्यावा व त्याची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल त्या तासास पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, याप्रमाणें. दोन भरत्यांमध्यें सुमारें बारा तास पंचवीस मिनिटांचें अंतर पडतें, म्हणून भरतीची वेळ दर दिवशीं सुमारें पन्नास मिनिटें पुढें जाते. पाऊणपटीचा नियम याच्याशीं ठोकळ मानानें जुळतो. हें मान मुंबईच्या समुद्राचें. कल्याण आंत असल्यामुळें तेथें पाणी कांहींसें उशीरा चढतें. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास उधाण, आणि अष्टमीच्या सुमारास भांग. भांगाचें पाणी थोडें, म्हणून भरलेला पडाव चिखलांत रुतण्याची भीति त्या दिवसांत अधिक.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस या नियमाचा प्रत्यक्ष उपयोग आहे. जुन्या पत्रांत तिथि असते, परंतु निघण्याची वेळ पुष्कळदां नसते. समजा, एखाद्या पत्रांत चतुर्थीस होडीनें ठाण्याहून कल्याणास निघाल्याचा उल्लेख आहे. चतुर्थीची भरती तीन वाजतां पुरी होते; अर्थात् तिचा आरंभ नऊच्या सुमारास. सूर्योदय सहाचा धरल्यास दिवस साडेसात घटका आल्यापासून साडेबावीस घटका होईपर्यंत, किंवा रात्रींच्या तितक्याच अवधींत, ती होडी चालली असली पाहिजे. त्याच पत्रांत त्याच दिवशीं दोन प्रहरीं कल्याणाहून होडी खालीं सुटल्याचें लिहिलें असेल, तर एक तर तिथि चुकली आहे, किंवा नकलकारानें कांहीं गाळलें आहे, किंवा तें पत्रच संशयास्पद आहे. खाडीच्या मार्गावरील कागदांस ही कसोटी लावून पाहण्याजोगी आहे.

आतां कांठाकडे वळूं. खाडीचा कांठ म्हणजे चिखल व तिवरांची झाडी; तेथें सलग ओढवाट टिकणें कठीणच. परंतु वाट मुळींच नव्हती असें म्हणणेंही बरोबर होणार नाहीं. भरतीचें खारें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून कोंकणांत खाजणांस मातीचे बांध घालण्याची रीत जुनी आहे. या खारबंदिस्तीच्या रक्षणासाठीं मुंबई सरकारनें १९४८ सालीं खास कायदा केला, व महाराष्ट्रांत १९७९ सालीं त्याविषयीं नवा कायदा झाला. बांध घातला तो पाणी अडविण्यासाठीं. पण उंच व कोरडी जागा तेवढीच, म्हणून माणसें त्यावरूनच चालूं लागलीं, आणि सायकल आल्यावर तीही त्याच माथ्यावरून जाऊं लागली. आमच्या खाडीकांठची वाट ती हीच. ओढवाट होडीसाठीं झाली व माणसांस मिळाली. बांध शेतासाठीं झाला व माणसांस मिळाला. भेद इतकाच कीं, ओढवाटेस सांभाळणारा कायमचा धनी मिळाला. बांधाची वाट मात्र शेत पिकतें तोंवरच जगते.

१८५३ च्या १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली व १८५४ च्या १ मे रोजीं ती कल्याणास पोहोंचली. त्या दिवसापासून या मार्गावर तिथीची सत्ता ओसरली व घड्याळाची सुरू झाली. १९१६ सालीं पारसिकचा मोठा बोगदा झाला, तेव्हां हा मार्ग आणखी सरळ झाला. डोंबिवली, कल्याण व ठाणें येथील नोकरदार आज सायकल काढतो ती बहुधा स्टेशनापुरती. तेथून पुढें त्याची भरती-ओहोटी लोकल गाडीची. पाण्याच्या कडेनें सायकलीची खरी वाट आंखली गेली ती खाडीवर नसून नळावर. तानसेचें पाणी १८९२ पासून मोठ्या नळांतून मुंबईस जात आहे. त्या जलवाहिन्यांच्या कडेनें, ठाण्याच्या वेशीलगतच्या मुलुंडापासून, सुमारें ३९ किलोमीटरांचा सायकलमार्ग मुंबई महानगरपालिकेनें २०१८ च्या सुमारास योजिला.

२०१६ च्या कायद्यानें कल्याण-ठाणें-मुंबई हा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्गांत गणला गेला आहे. उद्यां कोणी खाडीकांठीं वाट करावयास निघेल, तेव्हां 'येथें पूर्वापार वाट होती' असें एक पक्ष म्हणेल व 'कधींच नव्हती' असें दुसरा. दोन्ही विधानें पुराव्यावांचून पोकळ आहेत. आमचें मत असें कीं, होडी ओढण्याची वाट येथें नव्हती. बांधावरची वाट होती, पण ती तुटक, आणि प्रत्येक बांधाची निराळी. कोणता बांध कोठें होता व त्यावरून कोणाची जाण्याची वहिवाट होती, हें ठरविण्यास जुने कागदच उपयोगीं पडतील. कारण भराव पडला कीं बांध जमिनीवर दिसत नाहीं.

असे कागद क्षुल्लक वाटतात: खाराचे करार, बांधदुरुस्तीचे हिशेब, सीमेचे तंटे, तरींचे मक्ते. परंतु तरीच्या उताराचा दर ठरविणें कौटिल्यासही क्षुल्लक वाटलें नव्हतें. नावध्यक्षाच्या प्रकरणांत त्यानें लहान जनावर व ओझेंवाला माणूस यांस एक माष, आणि डोक्यावरचें ओझें, गाय व घोडा यांस दोन माष असा दर सांगितला आहे. सायकलस्वाराची गणना यांपैकीं कोणांत करावी, हें त्यानें अर्थातच सांगितलें नाहीं. तो निकाल प्रत्येक तरीवरच्या तांडेलानें आपल्यापुरता केला असेल, व एखाद्या मक्त्याच्या कागदांत तो लिहिलेलाही असेल. किल्ल्याची सनद हातीं आली म्हणजे आपण ती रेशमी रुमालांत बांधतों. त्याच दप्तरांतील बांधाची याद मात्र रद्दींत जाते. ठाणें, भिवंडी, कल्याण व डोंबिवली या भागांतील ज्या गृहस्थांच्या संग्रहीं असे कागद असतील, त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे धाडाव्या, अशी आमची विनंती आहे. नकल करतांना तिथि मात्र गाळूं नये. पाणी केव्हां चढलें होतें हें तीच सांगते.