मुंबई ते लंडन : अंतर तेच, वाट वेगळी

मुंबईचा विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो यांच्यातले हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. हा आकडा ज्या विद्येतून निघतो, ती विमानाहून कितीतरी जुनी आहे. 1537 साली पेद्रो नुनेस या पोर्तुगीज गणितज्ञाने दाखवून दिले, की होकायंत्राचा एकच रोख धरून जाणारे जहाज सर्वांत जवळच्या वाटेने जात नाही. ती वाट पृथ्वीच्या मध्यातून कापलेल्या वर्तुळावर असते. मुंबईची बेटे तीनच वर्षांपूर्वी, 1534 मध्ये, पोर्तुगीजांकडे आली होती. त्यांची जहाजे मात्र सगळ्या आफ्रिकेला वळसा घालूनच इकडे येत. जवळची वाट गणिताला उमगली, पण मध्ये जमीन होती आणि त्या जमिनीवर सत्ता दुसऱ्यांची होती.

तिथून आपण 1830 मध्ये आलो, तरी आफ्रिकेचा वळसा चुकलेला नव्हता. त्या वाटेने शिडाच्या जहाजाला कित्येक महिने लागत. त्या वर्षी 20 मार्चला मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट टपाल घेऊन निघाली आणि कोळशासाठी ठिकठिकाणी थांबत महिनाभराने सुएझला पोचली. पुढे इजिप्त ओलांडायचे ते जमिनीवरून. 17 नोव्हेंबर 1869 रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि तोही टप्पा गळाला.

मग माणूस आकाशातून निघाला, पण सरहद्दी तिथेही आडव्या आल्या. 30 मार्च 1929 रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली, तेव्हा इटलीच्या आडकाठीमुळे बाझल ते जेनोआ हा टप्पा चक्क आगगाडीने करावा लागे. एकूण प्रवास सात दिवसांचा. पुढे इराणने किनारा नाकारला, म्हणून 1932 मध्ये मार्ग आखाताच्या पलीकडे, शारजाकडे वळला. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, आणि मुंबई त्या वाटेला जोडली गेली.

8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेले. 1960 मध्ये बोइंग 707 आले. यथावकाश मधले थांबेही गेले. आज हा प्रवास साधारण नऊ-दहा तासांचा आहे. पण नुनेसच्या हिशेबाची रेघ पृथ्वीच्या गोलावर ओढून पाहिली, तर ती पाकिस्तान, इराण, कॉकेशस आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी 2022 मध्ये प्रवासी विमानांना बंद झाले; एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. त्यामुळे तिकिटावरच्या वेळेत इंजिनाच्या वेगाइतकाच वाटेतल्या सरकारांच्या परवानगीचाही वाटा असतो. इंजिने बदलत गेली. परवानगीची गरज मात्र 1929 मध्ये होती तशीच आहे.